ग्रंथालय हाही पाणवठाच आहे!

यंदाच्या भीमजयंतीला पावसच्या आमच्या बौद्धवाडीत एका मुलीने भाषण केले. पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, रोज एसटीने रत्नागिरीला कॉलेजला जाते. भाषण जोरदार झाले आणि टाळ्याही पडल्या. शिक्षण, वाघीण आणि दूध हे सगळ्यांना पाठ असलेले वाक्यही त्यात होते. कार्यक्रम संपल्यावर मी तिला सहज विचारले, "ताई, बाबासाहेबांचे हे वाक्य कुठल्या खंडात, कुठल्या पानावर आहे?" ती क्षणभर गप्प झाली. मग हसून म्हणाली, "दादा, स्टेटसला होतं." विहारात बसलेल्या पन्नास-साठ माणसांनाही मी तोच प्रश्न विचारला. त्यात शिक्षक होते, मुंबईहून आलेले चाकरमानी होते, चळवळीत आयुष्य घालवलेले ज्येष्ठही होते. कुणालाही खंड सांगता आला नाही, पान तर दूरच.

वाक्य खरे की खोटे, हा मुद्दा नाही. ज्या महामानवाने एकेका विधानाला पुरावा जोडला, त्याची वाक्ये आपण पुराव्याशिवाय वापरतो, हा मुद्दा आहे.

त्याच मुलीने नंतर मला दुसरी गोष्ट सांगितली आणि ती जास्त महत्त्वाची आहे. तिने कॉलेजच्या प्रकल्पासाठी विषय घेतला होता, 'खोती आणि आमची वाडी'. पंधरा पाने लिहिली. मार्गदर्शकांनी ती परत केली आणि समासात दोनच शब्द लिहिले: "संदर्भ कुठे?" ती चिडली होती. म्हणाली, "माझ्या पणजोबांनी खोताच्या दारात वेठ केली. आजीने सांगितलंय. याला आणखी कसला संदर्भ हवा?"

मित्रांनो, हा राग समजून घेतला पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हाती लेखणी लागू दिली नाही, त्यांच्याकडेच लेखी पुरावा मागायचा, यात एक क्रूर विनोद आहे. ज्याने वेठ करून घेतली त्याच्याकडे वही होती. ज्याने वेठ केली त्याच्याकडे फक्त पाठ होती. तरीही मी त्या मुलीला सांगितले की मार्गदर्शकाचा प्रश्न बरोबर आहे. तो कोणत्या हेतूने विचारला हे मला माहीत नाही, पण प्रश्न बरोबर आहे. उत्तर द्यायचे तर रत्नागिरीच्या, मुंबईच्या, विद्यापीठाच्या ग्रंथालयात जावे लागेल. तिथे जाणे हा उपकार मागणे नाही, तो आपला हक्क आहे.

पावाचा तुकडा आठवतो, पुस्तक आठवत नाही

बाबासाहेब लंडनच्या ग्रंथालयात सकाळी दार उघडताच शिरायचे, संध्याकाळी शेवटी बाहेर पडायचे, पावाच्या तुकड्यावर दिवस काढायचे, हे प्रत्येक जयंतीला सांगितले जाते. ऐकून डोळे पाणावतात. पण त्या ग्रंथालयात त्यांनी वाचले काय, हे किती वक्ते सांगतात? आपण त्यांची भूक लक्षात ठेवली आणि त्यांचा अभ्यास विसरलो.

त्यांनी काय वाचले ते त्यांच्याच ग्रंथांत दिसते. 1923 साली प्रसिद्ध झालेला 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' उघडा. 1893 ची हर्शेल समिती, 1898 ची फाउलर समिती, 1913 चा चेंबरलेन आयोग यांचे अहवाल त्यांनी ओळ न्‌ ओळ तपासले आहेत. 'इव्होल्यूशन ऑफ प्रॉव्हिन्शियल फायनान्स' हा 1925 चा ग्रंथ सरकारी अंदाजपत्रके आणि दप्तरातली आकडेवारी यांवर उभा आहे. म्हणजे बाबासाहेबांनी सत्ताधाऱ्यांचेच कागद घेतले, सत्ताधाऱ्यांच्याच ग्रंथालयात बसून वाचले आणि सत्ताधाऱ्यांनाच उलट प्रश्न विचारले.

शाळेत त्यांना संस्कृत शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे 1946 मध्ये 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ त्यांनी लिहिला. संस्कृतवर प्रभुत्व नसताना या विषयात का शिरलात, असा आक्षेप येणार हे ओळखून त्यांनी प्रस्तावनेतच उत्तर दिले. इंग्रजी भाषांतरांच्या आधारे आपण पंधरा वर्षे या साहित्याचा अभ्यास केला आहे, असे त्यांनी सांगून टाकले. आपली उणीव लपवली नाही आणि तिच्यामुळे मागेही हटले नाहीत. संशोधकाचा प्रामाणिकपणा तो हाच.

1917 मध्ये लंडनहून परतताना त्यांची पुस्तके वेगळ्या बोटीने पाठवली होती. महायुद्धात ती बोट बुडवली गेली आणि पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. तरी 1920 मध्ये हा माणूस पुन्हा लंडनला गेला आणि पुन्हा ग्रंथालयात जाऊन बसला. पुढे दादरला 'राजगृह' बांधले तेही पुस्तकांना जागा मिळावी म्हणून. 1946 मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, 1950 मध्ये औरंगाबादला मिलिंद. वारसा सांगायचा असेल तर हा सांगा.

घोषणेतूनही संशोधनाचा प्रश्न निघतो

मूळ पान उघडल्याने काय फरक पडतो याचे एक उदाहरण देतो. आपली घोषणा आहे 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा'. जुलै 1942 मध्ये नागपूरला झालेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेतल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी भाषणात हा उपदेश येतो. तिथे क्रम आहे 'एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ'. म्हणजे शिका, चेतवा, संघटित व्हा. मराठीत येताना शेवटच्या दोन शब्दांची जागा बदलली आणि 'ॲजिटेट'चा 'संघर्ष' झाला.

आता विचार करा. हा बदल कधी झाला? कोणत्या पत्रकात, कोणत्या मोर्चात? आधी मनाची खळबळ आणि मग संघटना, की आधी संघटना आणि मग रस्त्यावरचा लढा? या क्रमाचा आपल्या राजकारणावर काय परिणाम झाला? हा एका उत्तम एम.ए. प्रबंधिकेचा विषय आहे. तो व्हॉट्सॲपवर सापडत नाही, मूळ भाषण आणि जुने अंक शेजारी शेजारी ठेवले की सापडतो. संदर्भ हे शेपटासारखे मागे लावायचे सोंग नव्हे. संदर्भ शोधतानाच नवा प्रश्न जन्माला येतो.

खोतीचा शोध कसा घ्यायचा?

त्या मुलीच्या विषयाकडे परत येऊ. मी तिच्याबरोबर बसून जे केले ते इथे लिहितो. कोकणातल्या कोणत्याही वाडीतल्या मुलाला ते उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट म्हणजे शोधाचे शब्द. तिने ग्रंथालयाच्या संगणकावर 'दलित' आणि 'रत्नागिरी' टाकले आणि फारसे काही आले नाही म्हणून परत आली. पण 1880 च्या पुस्तकात 'दलित' हा शब्द कसा सापडणार? काळाप्रमाणे आपल्याला दिलेली नावे बदलत गेली. जुन्या इंग्रजी साधनांत जातीचे नाव येते, मग 'डिप्रेस्ड क्लासेस', 1935 च्या कायद्यानंतर 'शेड्युल्ड कास्ट्स', धर्मांतरानंतर 'नवबौद्ध', 'बौद्ध'. विषय जमिनीचा असेल तर 'खोत', 'खोती', 'जमीन महसूल', 'कूळ', 'वतन' हे शब्द टाका. गावांची इंग्रजी स्पेलिंगेही बदलतात. पावस 'व्ही'ने शोधा आणि 'डब्ल्यू'नेही शोधा. एक शब्द अपयशी ठरला म्हणून 'आमच्यावर काहीच लिहिलेले नाही' असे म्हणू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे साधनांचा क्रम. आधी विषयाची रूपरेषा देणारे पुस्तक, मग मूळ कागद. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड रत्नागिरी आणि सावंतवाडीचा आहे, साल 1880. त्यात जमीन महसुलाचे आणि खोतीचे वर्णन आहे. त्याच 1880 साली खोती सेटलमेंट ॲक्ट झाला. अर्धेल, तिर्धेल म्हणजे पिकाचा निम्मा किंवा तिसरा हिस्सा खोताच्या घरात. हे शब्द आजीच्या तोंडी आहेत आणि जुन्या कागदांतही आहेत. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवा, तिथून लेखन सुरू होते.

मग चळवळीचे कागद. 17 सप्टेंबर 1937 रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. 10 जानेवारी 1938 रोजी मुंबईत कौन्सिल हॉलवर शेतकऱ्यांचा मोर्चा नेला, त्यात कोकणातली कुळे होती. त्याआधी 1933 पासून अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे संप चालवला होता. विधिमंडळातले बाबासाहेबांचे काम शासनाने प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी 'रायटिंग्ज अँड स्पीचेस'च्या दुसऱ्या खंडात आहे. 'जनता'चे जुने अंक मिळतील तिथे पाहा. शेवटी 1949 चा खोती निर्मूलन कायदा. एवढे झाले की तिच्या वाडीची कथा एका मोठ्या इतिहासाला जोडली जाते.

तिसरी गोष्ट म्हणजे तळटीपा उलट्या दिशेने वाचणे. एखाद्या चांगल्या पुस्तकाच्या तळटीपा म्हणजे आधीच्या संशोधकाने दाखवलेली वाट. त्याने वापरलेला कागद स्वतः पाहा. त्याने तो बरोबर वाचला का, काय सोडून दिले, हे तपासा. पुष्कळदा आपला मुद्दा त्या सोडून दिलेल्या ओळीत असतो.

चौथी गोष्ट टिपणाची शिस्त. प्रत्येक टिपणावर लेखक, पुस्तक, प्रकाशक, साल आणि पान लिहा. मोबाइलने पानाचा फोटो काढलात तर शीर्षकपानाचाही काढा, नाहीतर दोन महिन्यांनी तो कुठला होता ते आठवत नाही. पुस्तकातले शब्द अवतरणचिन्हांत आणि आपले मत वेगळ्या रंगात. दुसऱ्याचे वाक्य आपल्या नावावर खपवणे ही चोरी आहे. ज्यांचे श्रम पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या नावावर जमा झाले, त्यांनी तरी ती करू नये.

आजी हाही संदर्भ आहे

आता तिच्या रागाचे उत्तर. आजीचे बोलणे पुरावा नाही का? आहे. पण तो पुरावा म्हणून नोंदवावा लागतो. आजीचे नाव, अंदाजे वय, मुलाखतीचे ठिकाण, तारीख, तिची परवानगी, तिचेच शब्द. असे केले की 'आजीने सांगितले' याचे मौखिक साधन होते.

याचा धडा आपल्याच जिल्ह्यातल्या लेखिकेने घालून दिला आहे. रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या ऊर्मिला पवार यांनी मीनाक्षी मून यांच्यासोबत 1989 मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक प्रसिद्ध केले. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रिया कुठल्या इतिहासात नव्हत्या. या दोघींनी दारोदार फिरून मुलाखती घेतल्या आणि जुने अंक, जुने कागदही धुंडाळले. कागद आणि आठवण दोन्ही वापरले म्हणून ते पुस्तक आज कुणालाही बाजूला सारता येत नाही.

काही तरुण म्हणतात, "ही ग्रंथालयेच मनुवादी आहेत. गॅझेटियर साहेबांनी लिहिले, माहिती वरच्या जातीच्या कारकुनांनी पुरवली. ते आम्ही कशाला मानायचे?" अर्धे खरे आहे. गॅझेटियरमध्ये आपल्या पूर्वजांविषयी अपमानास्पद भाषा सापडते, वाचताना रक्त तापते. पण वाचणे म्हणजे मानणे नव्हे. मनुस्मृती 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जाळली, ती तिच्यात काय लिहिले आहे हे पुरते माहीत असलेल्या माणसाच्या नेतृत्वाखाली. विरोधकाचा कागद न वाचता त्याला विरोध करणे हे बाबासाहेबांनी शिकवलेले नाही.

आणि हल्लीचा नवा मोह. मोबाइलवरच्या एआय चॅटबॉटला विचारले की तो क्षणात संदर्भयादी देतो. त्यातले एखादे पुस्तक जगात अस्तित्वातच नसते. यादी हवी तर घ्या, पण ग्रंथालयात जाऊन पुस्तक हातात धरल्याशिवाय ते आपल्या लेखात घालू नका. एक खोटा संदर्भ सापडला की बाकीची चौदा खरी पानेही केराच्या टोपलीत जातात. आणि आपली पाने फेकायला टपलेले लोक कमी नाहीत.

दार बंद असेल तर?

आता व्यवस्थेकडे बोट दाखवू. पावसहून गोळप, भाट्ये करत रत्नागिरी वीसेक किलोमीटर. तिथे मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र आहे, महाविद्यालये आहेत, 1828 सालचे जुने नगर वाचनालय आहे. पण विद्यापीठाचा मुख्य ग्रंथसंग्रह राजाबाई टॉवरमध्ये आणि कालिन्याला, जुन्या सरकारी दप्तराचे पुराभिलेखागार काळा घोड्याला एल्फिन्स्टनच्या इमारतीत. म्हणजे जवळजवळ साडेतीनशे किलोमीटर. ज्या मुलीला एसटीच्या पासाचे पैसे जुळवावे लागतात, तिने तिथे कसे जायचे? मला स्वतःला एका ग्रंथालयाच्या संदर्भ विभागातून "बाहेरच्यांसाठी नाही" म्हणून परत पाठवले गेले आहे. पुस्तक समोरच्या कपाटात होते. कपाटाला कुलूप होते आणि किल्ली असलेले गृहस्थ रजेवर होते.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेला पहिला नियम एवढाच आहे की पुस्तके वापरासाठी असतात. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे. 2016 च्या विद्यापीठ कायद्यात विद्यापीठाच्या ग्रंथालयाला 'ज्ञानस्रोत केंद्र' असे भारदस्त नाव मिळाले. स्रोत म्हणजे झरा. झऱ्याला कुलूप घालतात का? 1923 च्या बोले ठरावाने सार्वजनिक पैशावर चालणारे पाणवठे, शाळा, दवाखाने सर्वांना खुले केले. तो ठराव कागदावर राहिला म्हणून 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्यावर जावे लागले. तिथे प्रश्न फक्त तहानेचा नव्हता, हक्काचा होता. ज्ञानाचा पाणवठाही जनतेच्या पैशावर चालतो.

घरबसल्या काही दारे आज उघडी आहेत, ती तरी वापरा. 'शोधगंगा'वर देशभरातले पीएच.डी. प्रबंध मोफत वाचता येतात. बाबासाहेबांचे इंग्रजी खंड केंद्र सरकारच्या संकेतस्थळांवर आहेत. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली, तीन वर्षांसाठी 6000 कोटी रुपये, सुमारे 13,000 आंतरराष्ट्रीय नियतकालिके. ही सोय आधी केंद्र-राज्याच्या सरकारी संस्थांसाठी आहे. तेव्हा ग्रंथपालाला थेट विचारा, "आपल्याला हे मिळते का? नसेल तर एन-लिस्टचे खाते तरी मला उघडून द्याल का?" ग्रंथपाल हा शिपाई नाही, तज्ज्ञ आहे. नीट विचारले तर बहुतेक ग्रंथपाल आनंदाने मदत करतात, कारण त्यांना असे विचारणारे फार कमी भेटतात.

पण मोफत पीडीएफ दाखवून छापील खंडांची जबाबदारी शासनाला झटकता येणार नाही. बाबासाहेबांच्या खंडांची छपाई रखडली म्हणून डिसेंबर 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला वृत्तपत्रातल्या बातमीची स्वतःहून दखल घ्यावी लागली. ज्या राज्यात पुतळ्यांना निधी कमी पडत नाही, तिथे पुस्तकांवर ही वेळ का यावी?

म्हणून आपण काय करायचे? विद्यापीठाच्या उपकेंद्राचे ग्रंथालय माजी विद्यार्थ्यांना आणि स्वतंत्र अभ्यासकांना अल्प शुल्कात खुले करा, ही मागणी प्रत्येक विद्यार्थी संघटनेने लेखी द्यावी. हवे असलेले पुस्तक नसेल तर खरेदीची शिफारस लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. प्रत्येक जयंती समितीने डीजेच्या खर्चातून थोडी रक्कम काढून वाडीतल्या पाच मुलांचे वाचनालयाचे वर्षाचे शुल्क भरावे. आणि आपल्या जवळजवळ प्रत्येक वाडीची मुंबई शाखा आहे. तिने वर्गणी आणि लग्नपत्रिकांपलीकडे एक काम घ्यावे. गावातला विद्यार्थी पुस्तक आणि पान कळवेल, मुंबईतला कार्यकर्ता सुट्टी काढून कालिन्याला किंवा काळा घोड्याला जाईल, नियमाप्रमाणे प्रत घेईल आणि पाठवेल. याला शासननिर्णय लागत नाही.

त्या मुलीने प्रकल्प पुन्हा लिहायला घेतला आहे. पहिल्या पानावर आता आजीची मुलाखत आहे, तारखेसह. दुसऱ्या पानावर 1937 चे विधेयक. परवा तिचा फोन आला, "दादा, ते वाघिणीच्या दुधाचं वाक्य मी अजून शोधतेय. तीन खंड झाले." मी म्हटले, शोध. ते सापडले तर पुढच्या जयंतीला पानासह सांग. नाही सापडले तर तेही माईकवरून सांग. एवढे धैर्य आपल्या व्यासपीठावर असलेच पाहिजे.

जय भीम!